कढीपत्त्यावरच्या अळीला दोन ॲप दोन नावं सांगतात. कुणाचं खरं मानायचं?

सध्या कुणाचंच नको. पण दोघंही फार चुकलेले नाहीत.

पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी तुमची अळी एका ॲपला ‘लाइम’ फुलपाखराची वाटली, दुसऱ्याला ‘कॉमन मॉरमॉन’ची. आमच्या मानपाड्याच्या बाल्कनीत दर पावसाळ्यात हाच घोळ असतो. दोन्ही फुलपाखरं पॅपिलिओ या एकाच वंशातली (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट), दोघांनाही लिंबू-कढीपत्ता चालतो, आणि लहान अळ्या इतक्या सारख्या की नुसत्या फोटोवरून मीही छातीठोक सांगणार नाही. डोक्याशी हलकं टोचलंत तर लाल-नारिंगी दुहेरी शिंग काढून वास सोडेल. पण तेही दोघांत असतं!

ॲप अळी ओळखत नाही, आधी पाहिलेल्या फोटोंशी ती जुळवून बघतं. ज्या जातीचे भरपूर फोटो त्याला मिळालेत ती पटकन सापडते. बारीक माश्या, भुंगेरे यांच्यात गाडी अडते, कारण त्यातल्या कित्येकांची जात सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. म्हणून मला आयनॅचरलिस्ट हे ॲप आवडतं. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झालं, फोटोवरून नाव सुचवायला लागलं २०१७ मध्ये. खात्री नसेल तर ते वंशावर थांबतं. शिवाय ती जात आसपास कुणाला दिसली आहे का तेही दाखवतं, आणि तुमची नोंद माणसंही तपासतात.

जागा महत्त्वाची आहे, हे मी फजिती होऊन शिकलो. भाचीनं ठाण्याजवळच्या येऊरला काढलेला एका नारिंगी फुलपाखराचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तसा पाठवला की फोटोतली जागेची माहिती जाते आणि बारकावेही पुसट होतात. तो मी तसाच एका ॲपला दिला, तर उत्तर आलं ‘मोनार्क’, म्हणजे अमेरिकेतलं! दुसऱ्यानं ‘प्लेन टायगर’ म्हटलं, मराठीत बिबळ्या कडवा, रुईवर वाढणारा. तेही पटेना. मग तिच्याकडून मूळ फोटो मागवून मोठा करून पाहिला. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. इथे पंख कोरा. ती होती छोटा चांदवा या वेगळ्याच फुलपाखराची मादी. कडवा बेचव, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि ही बाई त्याचंच सोंग घेऊन फिरते. जे पक्ष्यांना फसवायला केलंय त्यात ॲप फसलं, एवढंच.

तेव्हा फोटो मूळचाच द्या, जागा भरा, एक वरून आणि एक बाजूनं काढा. अळी असेल तर झाडाचा फोटो हवाच, कारण ती काय खाते यावर निम्मी ओळख ठरते. दोन ॲपची नावं वेगळी आली तर ती दोन्ही कुठल्या गटात एकत्र येतात ते बघा. तेवढं उत्तर बहुधा बरोबर असतं.

तुमच्या अळीवर फवारणी मात्र करू नका. झाड पुन्हा फुटतं. बरणीत ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा, रोज ताजा पाला द्या. ती हिरवी होईल, मग कोष करेल. फुलपाखरू बाहेर आलं की मागच्या पंखाला शेपटी आहे का ते पाहा: असेल तर मॉरमॉन, नसेल तर लाइम. आणि फोटो तेव्हाच काढून घ्या, पंख वाळले की ते थांबत नाही.