जुन्या टोपोशीटवरून खानदेशातील जुन्या खाणी शोधता येतील का?

अमेरिकेच्या जुन्या नकाशांवर खाणीसाठी एकमेकींवर तिरक्या टाकलेल्या दोन कुदळी छापलेल्या असतात. तसा शोध धुळे-नंदुरबार भागात घेता येईल का, असे आपण विचारले आहे. घेता येईल, मात्र येथील खडक बहुतांशी बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, असल्याने तांब्या-सोन्याच्या खाणींची आशा धरू नये. सापडतील त्या दगडखाणी आणि मोडलेल्या वाटा.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांपैकी (टोपोशीट, म्हणजे भूरूप दाखवणारे क्रमांकित नकाशे) तोरणमाळ क्रमांक ४६ के मध्ये, तर धुळे ४६ एल मध्ये येते. जुनी पत्रके एका इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० प्रमाणाची आहेत, नवी १:५०,००० ची. दोन्ही शेजारी ठेवून पाहताना खुणेपेक्षा वाटेकडे लक्ष द्यावे, कारण गावातून निघालेली गाडवाट पुढे वस्ती, विहीर वा देऊळ काहीच नसताना टेकडीच्या कुशीत अचानक संपत असेल, तर तेथे दगड काढला जात असण्याची शक्यता बरीच असते.

जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर, आधारलेली आहेत आणि मोबाईलचे जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या प्रतिमानावर, त्यामुळे नकाशा जुळवून न घेता गेल्यास जागा हुकते. जुळवणीसाठी त्रिकोणमितीय स्थानके, म्हणजे सर्वेक्षणात नेमकी मोजलेली ठिकाणे, घ्यावीत. तापीचा काठ घेऊ नये, तो बदलतो. पावसाळ्यानंतर पाण्याने भरलेल्या खाणीच्या काठाशी जाणे टाळावे.