वाचकांचे प्रश्न : भाडे नाममात्र असले तरी दुरुस्ती कोणाची?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक न्यासाची महाल भागात एक जुनी दुमजली चाळ असून तिथल्या खोल्या अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना नाममात्र भाड्याने दिलेल्या आहेत. बहुतेकांशी लेखी करार नाही. मागच्या उन्हाळ्यात एका भाडेकरूच्या कूलरचा विजेचा झटका गॅलरीच्या लोखंडी कठड्यातून शेजारच्या बाईंना बसला. त्या थोडक्यात बचावल्या. जिन्याखालचे प्लास्टरही सुटले आहे. काही विश्वस्तांच्या मते एवढ्या भाड्यात डागडुजी ज्याची त्यानेच करावी. हे बरोबर आहे का? (एका न्यासाचे सचिव, नागपूर)

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, भाडेकरूने वेगळा करार केला नसेल तर जागा राहण्यायोग्य व सुस्थितीत ठेवण्यास घरमालक बांधील असतो, आणि ही बांधिलकी भाड्याच्या रकमेवर अवलंबून नसते. नाममात्र भाड्याने दिलेल्या न्यासाच्या जागांना शासन आदेश काढून या कायद्यातून सूट देऊ शकते. तसा आदेश आपल्यापाशी नसेल, तर आपण इतर कोणत्याही घरमालकासारखेच आहात. ‘दुरुस्ती भाडेकरूने करायची असे तोंडी ठरले होते’ हा बचावही टिकण्याची शक्यता कमी आहे, कारण कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असून, तो नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

घरमालकाने दुर्लक्ष केल्यास किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला अशी कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. महिना ४०० रुपये भाडे धरले, तर ही मर्यादा वर्षाला १,२०० रुपये होते. तेवढ्यात जिना दुरुस्त होणार नाही, हे विश्वस्तांनाही कळते. म्हणजे भाडे जितके कमी, तितका भाडेकरूचा हा उपाय लंगडा, आणि सगळा भार अखेर न्यासावरच येतो.

आता कूलरविषयी. कूलर भाडेकरूचा असला, तरी त्यामुळे न्यासाची सुटका होत नाही. आपल्याकडे कूलर बहुधा पत्र्याचा असतो, तो लोखंडी स्टँडवर गॅलरीत कठड्याला टेकवून ठेवलेला असतो, पंपाची वायर पाण्यातच चिकटपट्टीने जोडलेली असते आणि पिन दोनच असल्याने अर्थिंगचा प्रश्नच उरत नाही. पंपाचे इन्सुलेशन खराब झाले, की प्रवाह पत्र्यात, पत्र्यातून कठड्यात आणि कठड्यावर ओले कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीच्या हातात उतरतो. कठडा, मीटरची पेटी, सामाईक वायरिंग आणि अर्थिंग हे सर्व न्यासाचे आहे. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि प्रत्येक खोलीच्या पुरवठ्यावर ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखणारा स्विच) बसवावा. गळती होताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. नुसत्या एमसीबीवर (जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडणाऱ्या स्विचवर) विसंबू नये, कारण माणसाचा जीव घेण्याइतका प्रवाह त्याच्या लेखी नगण्य असतो. तीन पिनांचा प्लग वापरणे आणि वीज बंद करूनच पाणी भरणे हे भाडेकरूचे काम. ते करारात लिहून घ्यावे आणि मार्च उजाडण्याआधी एकदा खोल्यांतून फिरून पाहावे. पूर्वसूचना देऊन योग्य वेळी जागेची पाहणी करण्याचा अधिकार कलम २८ ने आपल्याला दिलेला आहे. धोका ठाऊक असून हालचाल केली नाही आणि कोणी दगावले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा प्रसंग येऊ शकतो. मागचा झटका हीच आता न्यासाला मिळालेली सूचना आहे.

जिन्याच्या बाबतीत नुसते प्लास्टर लिंपू नये. आतल्या सळ्या गंजून फुगल्या, की प्लास्टर सुटते. शिवाय इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे महापालिकेकडे नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करून प्रमाणपत्र आयुक्तांना सादर करावे लागते. आपली चाळ ‘जुनी’ आहे असे आपणच लिहिता, तेव्हा हे काम आधी करावे.

गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण बसवणे आपल्याकडे येते. कूलरमधले पाणी आठवड्याला काढून त्याची टाकी घासणे भाडेकरूकडे, कारण डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

प्रश्न : मी भाडेकरू आहे. गळक्या छताची तक्रार केल्यापासून घरमालकाने आमचे पाणी बंद केले आहे. काय करावे? (एक वाचक, पाचपावली)

उत्तर : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातील दिवे, स्वच्छता अशा अत्यावश्यक सेवा पुरेशा व न्याय्य कारणाशिवाय तोडण्यास घरमालकाला मनाई आहे आणि तसे करणे शिक्षेस पात्र आहे. छताची तक्रार केली हे कारण त्यात बसत नाही. पुरवठा पूर्ववत करून मिळावा यासाठी न्यायालयात अर्ज करावा आणि तातडीचा अंतरिम आदेश मागावा. पुरावा म्हणून भाड्याच्या पावत्या, तक्रारीची प्रत आणि बंद नळाची छायाचित्रे जोडावीत. भाडे मात्र थांबवू नये. घरमालक नाकारत असल्यास ते मनीऑर्डरने पाठवावे, कारण थकबाकी दिसली की प्रकरण पाण्यावरून भलतीकडेच वळते.