पद्मिनी गरम झाल्यावर सुरूच होत नाही: बिघाड नेमका शोधायचा कुठून?

आपण लिहिले आहे की, वडिलांची 1984 सालची प्रीमियर पद्मिनी सकाळी गार असताना पहिल्याच सेल्फला सुरू होते. मात्र तासभर चालवून कुठे दहा मिनिटे बंद ठेवली, की सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नाही आणि अर्ध्या-पाऊण तासाने काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा सुरू होते. मेकॅनिकने बॅटरी, प्लग आणि कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टची वीज तयार करणारा भाग) बदलून पाहिली असून आता तो कार्बोरेटर बदलायला सांगतो आहे. माझी कळकळीची विनंती आहे की, कार्बोरेटरला इतक्यात हात लावू देऊ नये.

आपल्या गाडीतला बिघाड फक्त त्या अर्ध्या तासापुरता जिवंत असतो. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गार होते, मेकॅनिकला सगळे ठीक दिसते आणि मग अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. म्हणून तपासणी व्हायला हवी ती गाडी अडून बसलेली असताना, जिथे उभी आहे तिथेच. गार इंजिन चटकन सुरू होते, याचा अर्थ कॉम्प्रेशन आणि टायमिंग बहुधा शाबूत आहे. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरीचाही दोष नव्हता. उरते एवढेच, की त्या क्षणी इंजिनाला करंट मिळत नाही की पेट्रोल मिळत नाही. हे ठरले की निम्मे काम झाले. त्यासाठी गाडीत एक जादा प्लग, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर आणि एक नवा कंडेन्सर ठेवावा.

आधी करंट पाहावा, कारण पेट्रोलच्या जोडण्या उघडल्यावर जवळपास ठिणगी पाडणे धोक्याचे असते. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावावी, त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ बोल्टला चिमट्याने घट्ट टेकवावा (हातात धरू नये) आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. भर दिवसाही दिसेल अशी निळसर ठिणगी चट् आवाज करत पडली, तर करंट ठीक आहे. ती पिवळी-तांबूस, बारीक आणि मधूनच पडणारी असेल, तर दोष इग्निशनकडे आहे. अशा वेळी कॉइलमधून येणारी मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमधून काढून तिच्यावर हीच चाचणी करावी. तिथे ठिणगी दणदणीत असली तर कॅप किंवा तिच्या आत फिरणारा रोटर पाहावा. तिथेही मरतुकडीच असली तर कॉइल, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून कॉइलचा प्रवाह तोडणारी धातूची जोडी) आणि कंडेन्सर या तिघांपैकी कुणीतरी दोषी आहे.

लक्षणांवरून माझा पहिला संशय कंडेन्सरवर आहे, आणि त्याला कारण माझा स्वतःचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कशेडी घाटात चहासाठी थांबलो असता माझी पद्मिनी अशीच अडली. त्याआधी एका गॅरेजने तीन दिवस ठेवून घेऊन तिचा कार्बोरेटर दोनदा उघडला होता. घाटात डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली आणि पॉइंट बोटाने उघडून पाहिले, तर एका पॉइंटवर खसखशीच्या दाण्याएवढी धातूची टेकडी वर आली होती आणि समोरच्या पॉइंटवर तेवढाच खड्डा पडला होता. पॉइंट उघडताना तिथे उडू पाहणारी ठिणगी गिळून टाकणे हे कंडेन्सरचे काम असते. ते नीट होत नसले की पॉइंटवरच ठिणग्या उडतात, एका बाजूचा धातू दुसरीकडे जाऊन बसतो आणि कॉइलला पुरेसा झटका न मिळाल्याने प्लगवरची ठिणगी दुबळी पडते. आतले इन्सुलेशन जुने झालेला कंडेन्सर गार असताना धकवून नेतो आणि तापला की गळू लागतो. त्यामुळे गॅरेजमध्ये गार गाडीवर तो कधीच सापडत नाही.

याची खात्री रस्त्यावर पाच मिनिटांत करता येते. जुन्या कंडेन्सरची वायर सोडवावी (ती तशीच राहिली तर चाचणी निरर्थक ठरते), नव्याचे अंग बॉडीला घट्ट टेकवून अर्थिंग द्यावे आणि त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला जोडावी. इंजिन लगेच पकडले तर चोर सापडला. नाही पकडले तर त्याच टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावून दुसरे टोक बॉडीला टेकवावे आणि सेल्फ मारावा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करत आहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा आतली वायर तुटली आहे. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत वीज येत नाही किंवा पॉइंटकडची वायर कुठेतरी बॉडीला चिकटते आहे. चाचणी संपली की इग्निशन बंद करावे, कारण पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल उगाच तापते.

आता नव्या कॉइलविषयी, कारण बदललेला भाग निर्दोषच असतो असे मानणे मला धोक्याचे वाटते. बाजारात दोन प्रकारच्या कॉइल मिळतात: थेट बारा व्होल्टवर चालणारी, जिच्या दोन लहान टर्मिनलांमधला रोध साधारण 3 ओहम असतो, आणि वाटेत वेगळा रेझिस्टर गृहीत धरून बनवलेली, जिचा रोध साधारण 1.5 ओहम असतो. ही दुसरी कॉइल रेझिस्टर नसलेल्या गाडीत बसवली, तर 4 अँपिअरऐवजी 8 अँपिअरपर्यंत प्रवाह जातो, कॉइल हात ठेववत नाही इतकी तापते आणि पॉइंट अकाली जळतात. दोन्ही वायरी काढून मल्टिमीटरने आपली कॉइल मोजून पाहावी. मीटरच्या टोकांचा स्वतःचा रोध आधी पाहून वजा करावा.

ठिणगी निळी आणि जोरदार असेल, तरच पेट्रोलकडे वळावे. इंजिन बंद केले की पंखाही थांबतो, पाणी फिरायचे थांबते आणि इंजिनातली उष्णता एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) व कार्बोरेटरमध्ये चढत जाते. त्यातून एकमेकांच्या उलट असे दोन बिघाड संभवतात. पंपात किंवा पाइपमध्ये वाफ अडकली तर पेट्रोल पोहोचतच नाही, आणि कार्बोरेटरच्या फ्लोटमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत) उतरले तर ते जास्त होते. प्लग काढून पाहावा: कोरडा असेल तर पहिला बिघाड, ओला आणि वासाचा असेल तर दुसरा. ओला असल्यास चोक न ओढता अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि तो पुन्हा पुन्हा न दाबता पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा. काळा धूर सोडत इंजिन पकडते. कोरडा असल्यास एसी पंपावर ओले फडके ठेवावे. फियाट आणि अँबेसेडर चालवणारे उन्हाळ्यात हाच उपाय करत आले आहेत. त्याने गाडी सुरू झाली तर पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा), एक्झॉस्टजवळून गेलेला पाइप आणि कार्बोरेटरखालचे उष्णता अडवणारे जाड पॅकिंग तपासून घ्यावे. ते पॅकिंग कुणीतरी काढून पातळ कागद बसवल्याचे मी पाहिले आहे. हल्ली पेट्रोल भरायच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुने रबर त्याने मऊ पडते, म्हणून नळ्या आणि डायफ्राम इथेनॉलला टिकणारेच घ्यावेत.

पुढेमागे गरम असताना सेल्फही जड फिरू लागला, तर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत सेल्फ मारताना किती व्होल्ट दिसतात ते मोजावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त असतील तर अर्थिंगची पट्टी घासून किंवा बदलून घ्यावी.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या आणि रोज पॉइंट घासणारे हातही त्याबरोबर कमी झाले, म्हणून ही तपासणी मालकाने स्वतः शिकून घ्यावी असे मला मनापासून वाटते. आपल्या मेकॅनिकने जुनी कॉइल टाकून दिली नसेल तर ती आधी परत मागून घ्यावी. मूळची कॉइल चांगली निघाली, तर कंडेन्सर बदलल्यावर तीच पुन्हा बसवावी.