सिंकिंग फंड मोडून पाणी झिरपणारं काँक्रीट करावं का?

तुमच्या पत्रातलं गणित थोडक्यात असं: कोथरूडमधली 40 फ्लॅटची सोसायटी, उखडलेलं 400 चौरस मीटर पार्किंग. साधे पेव्हर ब्लॉक 5 लाख, पाणी झिरपणारं काँक्रीट 9 लाख. सिंकिंग फंडाची एफडी मोडून ते करावं का?

एफडीला हात लावू नका. तो पैसा इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो, आवारातल्या फरशीसाठी नाही.

पार्किंग तर करायचंच आहे, म्हणजे खरा प्रश्न वरच्या 4 लाखांचा. 7 टक्क्यांनी त्यांचं व्याज वर्षाला 28,000. आता पावसाचं बघू. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर 400 चौरस मीटरवर 2 लाख 80 हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजारी 28 टँकर. तुमच्या 1,500 रुपये दराने 42,000. पण हे सगळं पाणी तुमच्याच बोअरला मिळेल तर! खाली काळा पाषाण. बरंचसं पाणी भलतीकडे जाणार. शिवाय या काँक्रीटमध्ये वाळू जवळजवळ नसते, पाणी उतरतं ते खडीमधल्या पोकळ्यांतून. माती, पालापाचोळा बसला की त्या बुजतात. व्हॅक्यूमने साफसफाईचा खर्च दरवर्षीचा.

फायदा आहेच, पण त्यातला मोठा वाटा शहराच्या पदरात पडतो: रस्त्यावर, नाल्यात जाणारा लोंढा कमी होतो, भूजल भरतं. खर्च मात्र तुमच्या चाळीस घरांचा. शहरासाठी पदरमोड करायला माझी ना नाही, फक्त ती सभासदांना विचारून करा.

मी असतो तर आधी गच्चीचं पाणी गाळून बोअरला जोडलं असतं. तेवढ्याच रुपयात जास्त पाणी मुरतं. झिरपणारं काँक्रीट फक्त फाटकाजवळच्या, तळं साचणाऱ्या 100 चौरस मीटरपुरतं. जादा खर्च 1 लाख, घरटी 2,500. सर्वसाधारण सभेत ठराव करून वेगळी वर्गणी काढा. भरलेला टँकर उभा राहतो तिथे मात्र नेहमीचंच काँक्रीट घाला, झिरपणारं काँक्रीट त्याच्या वजनाखाली तुटेल.

कंत्राटदाराचे 10 टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा, आणि शेवटचा चेक देण्याआधी चार-पाच ठिकाणी बादलीभर पाणी ओतून बघा.