आधी ओट्यावर बस

कोजागिरीनंतरचा रविवार

बेटा,

तुझे सोळा फोटो मिळाले. सकाळी चष्मा लावून पाहिले, रात्री तुझ्या काकांना दाखवले. पांढरा सोफा, पांढरे पडदे, कोपऱ्यात वाळलेलं गवत खोवलेला घडा. काका म्हणाले, "घर चांगलं आहे, पण इथं कोणी राहून राहिलं का?" त्यांचं मनावर घेऊ नकोस. प्रश्न मात्र खोटा नाही.

दुसऱ्याचं घर सजवायचं तुझं हे पहिलंच काम. नवरा-बायको दोघंही शिक्षक, तालुक्याच्या गावाबाहेर नव्या लेआउटमधलं स्लॅबचं घर, बारा बाय चौदाचा हॉल आणि हाताशी सगळे मिळून चाळीस हजार रुपये. एवढ्यात काय होणार, असं तू लिहिलं आहेस. होतं रे. काय घ्यायचं नाही हे आधी ठरवलं की बरंच होतं.

पांढरा सोफा घ्यायचा नाही. लेआउटचं कुंपण संपलं की काळी जमीन सुरू होते. उन्हाळ्यात तिची धूळ आणि पावसाळ्यात चपलेला चिकटून आलेला चिखल, दोन्ही त्या सोफ्यावरच बसणार. घरही त्याच काळ्या मातीवर उभं आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतींना तडे देते. म्हणून महागडा टेक्स्चर पेंट आत्ता नको. साधा रंग दे, दोन पावसाळे जाऊ दे, तडे कुठे जातात ते कळू दे.

आणि तुझ्या सोळा फोटोंपैकी एकातही कूलर नाही! आपल्या विदर्भात, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथे, घर सजवायचं आहे ना? मग हॉलची मांडणी कूलरच्या खिडकीपासून सुरू कर. त्याचा झोत ज्या भिंतीवर जातो तिथे कागदावरचं चित्र लावशील तर जूनपर्यंत काचेच्या आत बुरशीचे ठिपके येतील. प्लायवुडचं शेल्फही ओल धरून फुगतं. त्या भिंतीवर माती, पितळ किंवा सागवान शोभतं आणि टिकतं. पितळ भंडाऱ्याकडचं जुनं मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्या शिक्षिकाबाईंच्या सासूबाईंच्या माळ्यावर पाण्याचा एखादा पितळी गुंड आणि दोन-चार तांबे नक्की पडून असतील. विकत घेण्याआधी माळ्यावर चढ.

एक काम कर. सेवाग्रामला जा. शाळेच्या सहलीत गेला असशील, तेव्हा चपलांच्या रांगेत उभा राहून परत आला असशील. आता एकटा जा, भर दुपारी, आणि बापू कुटीत अर्धा तास नुसता बैस. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. माती, बांबू, कवेलू म्हणजे कौलं, आणि जमिनीवर चटया, यापलीकडे कुटीच्या त्या खोलीत फारसं काही नाही. तरी ती रिकामी वाटत नाही. भिंतीकडे नीट बघ. गांधीजींच्या शिष्या मीराबेनने ओल्या मातीतच ताडाची झाडं, मोर आणि चरखा असे उठाव काढले आहेत. रंग नाही, फ्रेम नाही, खिळा नाही. भिंत आणि चित्र एकाच मातीचं. तुझ्या कोर्समध्ये 'अॅक्सेंट वॉल', म्हणजे खोलीत नजर खेचणारी एक वेगळी भिंत, शिकवली असेल, ती हीच. बाहेर पडल्यावर वर्ध्यात मगन संग्रहालयात जा. गांधीजींच्याच हस्ते १९३८ मध्ये ते उघडलं. ग्रामोद्योगाची अवजारं तिथे मांडलेली आहेत. चरखा, घाणी यांची रचना वहीत काढून घे. वस्तू कशी बनते हे ज्याला कळतं त्याला तिची किंमतही कळते.

आता बांबूचं. तुझ्या यादीत 'बांबूचे हँगिंग लॅम्प, नग ६' वाचलं आणि मला माझी जुनी फजिती आठवली.

कारागिरांच्या वस्तूंचं माझं दुकान टाकल्याला तेव्हा दुसरं वर्ष होतं. बुरडाकडून मी एकदम पन्नास दिव्यांची टोपणं करून घेतली. दिवाळी तोंडावर होती, मी घाई केली. बांबू पावसाळ्यातला कोवळा, कच्चाच आणलेला. तो म्हणाला होता, "बाई, हा बांबू आता नका घेऊ, भुंगा धरते." मी ऐकलं नाही, कारण मला दुकान दिसत होतं, बांबू दिसत नव्हता. दिवे सुंदर झाले, सगळे गेले. होळीपर्यंत एकेक गिऱ्हाईक परत यायला लागलं. दिव्याखाली रोज सकाळी पिवळसर भुशाची बारीक रांगोळी. एका घरी तर ती पाहुण्यांच्या पोह्यांत पडली. मी सगळ्यांचे पैसे परत केले आणि बुरडाचे दिलेले पैसे त्याच्याकडेच राहू दिले, कारण चूक त्याची नव्हती.

बांबूत जो पिष्ट अंश असतो तोच भुंग्याचं अन्न. पावसाळ्यात कोंब फुटण्याच्या दिवसांत तोडलेला आणि कोवळा बांबू म्हणून लवकर पोखरला जातो. पक्का, तीन वर्षांवरचा बांबू हिवाळ्यात तोडलेला घ्यावा आणि वर बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवावा. जुनी माणसं नदीच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. तेही चालतं, फक्त वास फार येतो. आपल्याकडचा मानवेल जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याचे पाय, दांडे मजबूत होतात. विणकामाला मात्र कोणता बांबू, हे विणणाऱ्यालाच विचार. शिकायचंच असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. आणि मेळघाटात लवाद्याला सुनील व निरुपमा देशपांड्यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथे कोरकू कारागिरांचं काम बघ. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हक्क प्रत्यक्षात आणला, हेही माहीत असू दे. गिऱ्हाइकाने "हा बांबू कुठला?" विचारलं तर "मार्केटमधला" हे उत्तर तुझ्या तोंडून येऊ नये.

आणि ते दिव्याचं डिझाइन. इंटरनेटवरचा फोटो बुरडाच्या हातात देऊन "असंच पाहिजे" म्हणू नकोस. आधी त्याच्या ओट्यावर बस. तो सूप कसं वळवतो, टोपल्याची कड कशी बांधतो, ते बघ. सुपाचाच आकार थोडा मोठा केला, उलटा टांगला, तर दिवा होतो. त्याचा हात रोज जे करतो त्यातून निघालेली वस्तू स्वस्तही पडते आणि चांगलीही होते. नवीन काहीतरी फोटोवरून करायला लावलं की तीन वाया जातात, चौथं जमतं आणि त्या तिघांची किंमत तोच सोसतो.

चित्रांबद्दल तू वारलीचे स्टिकर लिहिले आहेत. वारली मला आवडते, पण ती पालघर-डहाणूकडची. तिथल्या माणसाने काढलेली हवी असेल तर त्याच्याकडूनच घे. प्लॅस्टिकचं स्टिकर म्हणजे ना त्याचं, ना आपलं. गोंड चित्रांचंही तेच. मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान कलाकारांची चित्रं छापून विकली जातात, मूळ काढणाऱ्याला त्यातलं काय मिळतं ते तूच विचार कर. आपल्याकडे काय आहे ते सांगते. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी. सुताराकडून एक हातभर उंचीचा करून घे, रंगवू नकोस, तेल पाज. तो टीव्हीच्या युनिटवर ठेवलास तर त्या घरातल्या पोराला पुढच्या पोळ्याला वेगळा घ्यावा लागणार नाही. भुलाबाईची मातीची मूर्ती कुंभाराकडून घे. ती कोजागिरीपर्यंतच असते असं सगळे समजतात, वर्षभर कोनाड्यात ठेवली तर कुणाचं काय बिघडतं? (माझ्या सासूबाईंचं बिघडलं असतं. पण त्या आता नाहीत.)

आणि आपल्या तालुक्यात जे पेंटर होते ना, दुकानांच्या पाट्या, ट्रकमागचे मोर, निवडणुकीच्या भिंती रंगवणारे? फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं. हात अजून शाबूत आहे. एकाला बोलाव, जेवणाच्या खोलीतली एक भिंत दे आणि ट्रकवरचा मोर काढायला सांग. चित्राला स्वस्त पर्याय म्हणून नाही हो, चांगलं चित्र म्हणून. त्याला पाटीच्या चौरस फुटाचा दर देऊ नकोस, चित्राची मजुरी दे. वडसा देसाईगंजकडे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचे रंगीत पडदे बघितलेस तर कळेल की आपल्याकडे रंग वापरायला कोणी लाजत नव्हतं. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन भरतं, तिथे जा. फ्रेमवर कमी खर्च कर, चित्रावर जास्त.

कापडावर थोडं जास्त लिहिते, कारण त्यात तू फसशील. 'नैतिक फॅशन' असा शब्द तू वापरलास. शब्द छान आहे, पण हिशेब मांडू. एका खादीच्या कुर्त्याला साधारण चारशे ग्रॅम कापड लागतं. कताईतली तूट धरून पाचशे ग्रॅम रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, धर. एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये ३४ किलोच्या आसपास रुई निघते, म्हणजे कुर्त्यासाठी दीड किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामातला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दीड किलोचे झाले १२२ रुपये. अठराशेच्या कुर्त्यावर 'शेतकऱ्याच्या पाठीशी' असं छापलेलं असलं तरी कापसाच्या बोंडात हात घालणाऱ्याच्या वाट्याला एवढंच, तेही हमीभाव मिळाला तर. म्हणून मी शेतकऱ्याच्या नावाने काही विकत नाही. मी कातणाऱ्याचं आणि विणणाऱ्याचं नाव सांगते, कारण त्यांना किती दिले हे मला माहीत असतं.

कोसा, म्हणजे टसर रेशीम, ठेवायचा म्हणतोस तर ठेव, पण खोटं बोलून नको. करवती काठाची साडी आपल्या विदर्भाची, तिला भौगोलिक मानांकनही आहे. अंग टसरचं, मधासारख्या रंगाचं, आणि काठ सुती. काठाला करवतीसारखे दाते असतात, ते तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या साधनांनी) विणताना अंगाचा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवून येतात. साडी उलटून बघ. दात्यांजवळ कापलेले, लोंबणारे धागे दिसले तर ती यंत्रावरची नक्कल. शंका आली तर काठातला नको, अंगातला एक धागा काढून जाळ. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरडली तर रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. आणि कोणी विचारलं, "यात किडा मरतो का?" तर मरतो म्हणून सांग. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढलेले कोष उकळून सलग धागा काढतात, तेव्हा आतला जीव राहत नाही. ज्याला ते नको त्याला सुती दे.

नैसर्गिक रंगांबद्दलही तेवढंच खरं बोल. पळसफुलाचा पिवळा मला जीव की प्राण. एका घरात पश्चिमेच्या खिडकीला मी त्या रंगाचा पडदा लावला आणि "पक्का आहे" म्हणाले. एका उन्हाळ्यात पडद्याचा मधला भाग लिंबासारखा फिका झाला, कडा तशाच राहिल्या. पळस उन्हात टिकत नाही. पश्चिमेला निळीचा गडद पडदा दे, किंवा हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यातला काळपट राखाडी. पळसाचा ओढणीला वापर, जी सांजेला घेतली जाते.

पैशाचं शेवटी लिहिते, पण तुझ्या यादीत ते पहिलं हवं होतं. "माल ठेव, विकला की देतो" हे कारागिराला कधी म्हणायचं नाही. शहरातल्या एका मोठ्या दुकानाने माझ्याकडच्या गोधड्या अशाच ठेवून घेतल्या, आठ महिन्यांनी मळलेल्या परत पाठवल्या. शिवणाऱ्या बायकांना मी माझ्या खिशातून दिले, पण ज्याच्या खिशात नसतं त्याने काय करायचं? अर्धे आधी, अर्धे माल हातात आल्यावर. आणि तुझी स्वतःची मजुरी बिलात वेगळी लिही. चाळीस हजारांतले सहा हजार तुझे, असं त्या शिक्षकांना स्पष्ट सांग. वस्तूंच्या किमतीत लपवलीस की मग तुला स्वस्त वस्तू घेऊन महाग विकाव्या लागतात आणि तू आपोआप बुरडाशी घासाघीस करायला लागतोस. लाज वाटेल. मलाही पहिली चार वर्षं वाटली.

गुरुवारी ये. आपल्या बाजाराच्या दिवशी सुपं घेऊन एक आत्या येतात, त्यांच्या हाताची वीण तुला दाखवायची आहे. सकाळी नऊच्या आत ये, दुपारी त्या कुणाशी बोलत नाहीत. हॉलचं माप घेऊन ये, खिडकी कुठल्या दिशेला उघडते तेही लिहून आण. आणि पांढऱ्या सोफ्याचा अॅडव्हान्स अजून दिला नसशील तर देऊ नकोस.

तुझी,
काकू