हात वर केला की चोळी वर चढते

प्रश्न : ताई, लेकीच्या गॅदरिंगला डान्ससाठी खणाची फिट चोळी घरीच शिवतेय, ट्रायलला हात वर केला की सगळी चोळीच वर चढते. मुंढा (बाही जोडतो तो काखेजवळचा गोल काप) अजून खोल कापू का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : नका हो कापू! सगळ्या इथंच फसतात. मुंढा जेवढा खाली तेवढी चोळी जास्त ओढली जाते, तो काखेला लागूनच हवा. आता कापलाच असेल तर काखेत खणाचाच 2-3 इंची चौकोनी तुकडा, टोक बाहीकडे करून जोडा, हात मोकळा होतो. पुढच्या वेळी आधी मांजरपाटाची कच्ची चोळी शिवा, ती घालून लेकीला नाचवा आणि मगच खणाला कात्री लावा. बाजूच्या शिलाईत इंचभर माया (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवाच, थंडीत आपल्याकडं भरीत-पुरीच्या पार्ट्या झाल्या की माप बदलतंच.