काजूच्या बागेतला तिळाएवढा किडा

प्रश्न : आमची बाग दोडामार्गात. काल काजूबिया वेचून आले, तर गुडघ्यामागे तिळाएवढा काळपट किडा रुतलेला. सासूबाई म्हणतात, रॉकेल लाव. हा कोण?

उत्तर : ताई, रॉकेल नको, चिरडूही नका. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. किडा डबीत घालून भिंगाखाली पाय मोजा. आठ पाय, पंख नाहीत, मिशा नाहीत, म्हणजे गोचीड. सहाच दिसले तरी निर्धास्त होऊ नका, तिच्या अगदी लहान पिल्लाला सहाच असतात. तुमच्या तालुक्यात २०१६ साली माकडतापाची, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या तापाची, साथ आली होती, म्हणून काळजी वाटते. डबीवर तारीख लिहा. आठ-दहा दिवसांत ताप आला, डोकं ठणकलं तर डबीसकट आरोग्य केंद्र गाठा. बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रालाच कळवा.